चौथ्या दिवसाची परवानगी



एका दिवसाची सायकल शर्यत बाईला कशीतरी जमवता येते. पहाटे चारला उठायचं, डबे भरून ठेवायचे आणि दुपारी परत येऊन कुकर लावायचा. सलग चार दिवसांची शर्यत मात्र अशी उरकता येत नाही. तिच्यासाठी आधी घरात बोलावं लागतं, आणि बहुतेकींची शर्यत तिथंच संपते.

दोन वर्षांपूर्वी राज्याबाहेरच्या एका चार दिवसांच्या हौशी शर्यतीत मी महिला गटात उतरले होते. अंगाचं म्हणाल तर दुसरा दिवस सगळ्यांत वाईट. मांड्या दगडासारख्या होतात, बसायची जागा सोलवटते, आणि पाळी आली असेल तर पॅड बदलायला आडोसा शोधत फिरावं लागतं. तिसऱ्या दिवशी शरीर कुरकुर सोडून लय धरतं. सपाट रस्त्यावर पुढचीच्या चाकामागे राहून वारा चुकवायचा, मग आपण पुढे होऊन तिला आडोसा द्यायचा, हे एकमेकींशी न बोलता जमू लागतं. चुरस असूनही!

संध्याकाळी मुक्कामावर पुरुष साखळीला तेल देत बसत. आमच्या खोलीत फोन चालत. तुरीची डाळ कुठल्या डब्यात आहे, धाकट्याला औषध किती द्यायचं. माझ्या घरी आई येऊन राहिली होती. बाकीच्या जवळजवळ सगळ्या पगारदार, घरी स्वयंपाकाला बाई असलेल्या. म्हणजे एकीचे चार दिवस दुसरीने भरून दिले. (त्या दुसरीला सायकल येते का, हे कोणी विचारलं नव्हतं.)

बाईच्या शरीराला एवढं झेपणार नाही, हे कारण फार जुनं आहे. १९२४ साली इटलीच्या मोठ्या शर्यतीत अल्फोन्सिना स्त्रादा ही शेतमजुराच्या घरची बाई पुरुषांबरोबर उतरली. बारा टप्पे, ३,६१३ किलोमीटर. एका टप्प्यात सायकलचं हॅण्डल मोडलं, वेळेची मर्यादा चुकली आणि ती अधिकृत यादीतून बाद झाली. तरी ती शेवटपर्यंत मिलानला पोचली. त्या वर्षी ९० पैकी ३० पुरुषांनीच शर्यत पुरी केली होती. पुढे १९८४ साली फ्रान्समध्ये बायकांची १८ टप्प्यांची शर्यत झाली. विजेत्या मारियान मार्टिनला बक्षीस मिळालं सुमारे हजार डॉलर. पुरुषांच्या विजेत्याला लाखाच्या वर. ती शर्यत काही वर्षांत विरून गेली. २०२२ मध्ये नव्याने सुरू झाली ती आठ टप्प्यांची, पुरुषांची २१ टप्प्यांची असताना. झेपतं हे सिद्ध होऊन किती वर्षं झाली?

अडचण वेळेची आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, पुरुष ८८. लेकरं आणि म्हातारी माणसं सांभाळणं यात धरलेलंच नाही. चार दिवसांचे झाले एकोणीस तासांच्या वर. हे तास कोण देणार?

आपल्या वर्धा जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. देशात शर्यती भरतात थंडीत, आणि थंडीत आपल्याकडे कापसाची वेचणी असते. वेचणीला हात लागतात बायकांचे, मजुरी किलोवर. चार दिवस गेले की तेवढे पैसे गेले. सेलू तालुक्यातल्या एका बचतगटाच्या बैठकीत मी शर्यतीचं सांगितलं, तेव्हा एक बाई म्हणाली, "ताई, दोन दिवस सासू पाह्यते. तिसऱ्या दिवशी घरचा माणूस घ्यायलेच येते." सगळ्या हसल्या. त्यांच्यातल्या दोघींच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी सायकल मिळाली होती. बारावी झाली आणि सायकल भावाकडे गेली.

म्हणून गटापुढे एक प्रस्ताव ठेवते आहे. वेचणी आटोपल्यावर, ऊन तापायच्या आत, जिल्ह्याचे आठही तालुके घेणारी बायकांची चार दिवसांची शर्यत भरवायची. वर्ध्याहून देवळीमार्गे आर्वी, मग आष्टी, कारंजा, सेलू, समुद्रपूर आणि शेवट हिंगणघाटला. महागड्या सायकलींचा वेगळा गट. शाळेत मिळालेली किंवा घरातली साधी सायकल घेऊन येणाऱ्यांचा मुख्य गट. मजुरी बुडेल तिची भरपाई वर्गणीतून करायची. बक्षिसाच्या रकमेआधी ती रक्कम बाजूला काढायची.

आणि नावनोंदणीच्या कागदावर वय, गाव यांच्या खाली एक रकाना हवा: चार दिवस घरचा स्वयंपाक कोण करणार? तिथं सासू, आई, जाऊ, मुलगी यांपैकी कोणाचं नाव आलं, तर कार्यकर्तीने त्या घरी जाऊन नवऱ्याशी बोलायचं. नोंदणीच्या वेळीच, शर्यतीच्या आदल्या रात्री नव्हे. या रकान्याला गटातच विरोध होईल, आपण लोकांच्या स्वयंपाकघरात कशाला शिरायचं म्हणून. पुढच्या बैठकीत आधी त्यावरच बोलू. मार्ग आणि मुक्काम नंतर ठरवता येतील.