लाल्याला द्राक्षे कुणी चारली?

आमच्या तुर्भ्यातील गल्लीत एक तांबडा कुत्रा होता. कुणा एकाचा नव्हता, सगळ्यांचाच होता. पोरे त्याला लाल्या म्हणत. वाशीच्या फळ बाजारात हमाली करणारे आमचे शेजारी हंगामात डागी द्राक्षांची पिशवी घरी आणीत. एका मार्च महिन्यात पोरांनी खाता खाता लाल्यालाही ओंजळभर चारली. रात्री त्याला ओकाऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तो भाकरीला तोंड लावीना. ऊन बाधले असेल, असे आम्ही म्हणालो. मग त्याची लघवी बंद झाली आणि चौथ्या दिवशी तो गेला.

पुढे जनावरांच्या डॉक्टरांना विचारले तेव्हा कळले, की द्राक्षे आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. अमेरिकेतील पशुवैद्यांनी २००१ साली हा धोका प्रसिद्ध केला. २०२१ साली द्राक्षातील टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. हेच आम्ल चिंचेत असते, म्हणून चिंचही नको. आम्लाचे प्रमाण प्रत्येक द्राक्षात सारखे नसते. तेव्हा 'दोन मण्यांनी काय होते' असे म्हणू नये.

मग कुत्र्याला फळ द्यावेच नाही का? द्यावे, पण बेताने. केळे सोलून, सफरचंद व पपई बिया काढून, कलिंगड बिया आणि साल काढून, लहान फोडी करून द्या. आंब्याचा थोडा गर चालतो, कोय मात्र नको. ती गिळली तर आतड्यात अडकते. म्हणून कोयी उघड्यावर टाकू नका. फळात साखर असते, जास्त झाले की जुलाब होतात.

चुकून द्राक्षे खाल्लीच, तर ओकारीची वाट पाहू नका. मिठाचे पाणी पाजू नका. तडक डॉक्टरांकडे न्या. पहिल्या काही तासांत औषधाने उलटी करवता येते. वेळ गेल्यावर उपाय अवघड होतो.

पोरांनी मायेने चारले, त्यांचा दोष नाही. आम्ही शिकलेली मोठी माणसे, आम्हालाच ठाऊक नव्हते. वाचकहो, हा मजकूर आज रात्री मुलांना मोठ्याने वाचून दाखवा.