‘ती’ कोण, हा प्रश्न

ग्रेस यांची ‘ती गेली तेव्हा’ ही कविता वर्गात निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ती’ म्हणजे कोण? अलीकडे प्रश्नाआधी उत्तरच येते. मोबाइलवर फिरणारा एखादा खुलासा कुणीतरी वाचलेला असतो. ‘ती’ म्हणजे कवीची आई, असे तो सांगतो आणि कोडे सुटल्याच्या समाधानात वर्ग पुढच्या कवितेकडे वळतो. ते उत्तर कदाचित बरोबरही असेल. मला खटकते ते हे समाधान.

कवीचा छुपा हेतू हुडकण्याची ही सवय आपण अध्यापकांनीच लावली आहे. ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ हा परीक्षेतला प्रश्न असे गृहीत धरतो, की म्हणायचे होते ते कवीने कुठेतरी दडवून ठेवले आहे. विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ साली अशा हेतुशोधावर आक्षेप घेतला. त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने सूचितार्थाची मीमांसा शब्दाच्या व्यंजनाशक्तीतून केली होती. दोघांच्या भूमिका एक नव्हेत. परंतु दोघेही आपल्याला शब्दांपाशी आणून सोडतात.

तेव्हा शब्दांकडेच पाहू. ‘ती’ हे सर्वनाम येते, पण त्याआधी नाम आलेले नाही. मराठीत ‘ती’ आई असते, प्रेयसी असते, संध्याकाळही असते. ‘गेली’ म्हणजे निघून गेली की वारली, हे क्रियापद सांगत नाही. ‘तेव्हा’ एका क्षणाकडे बोट दाखवते, त्याचे नाव घेत नाही. व्यक्ती, घटना आणि काळ अशी तिन्ही स्थाने मोकळी आहेत. काय घडले हे पुरते न उमगलेल्या माणसाची ही भाषा आहे. तिथे एकच नाव घट्ट बसवले, की ते न उमगणेच पुसले जाते.

सुरेश भटांच्या ‘केव्हातरी पहाटे’चेही तसेच. ही दोन्ही गीते हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतात, ‘निवडुंग’ (१९८९) या चित्रपटात आली. ‘केव्हातरी’ हा शब्द भूतकाळाचाही असू शकतो आणि भविष्याचाही. क्रियापद येईपर्यंत निवाडा होत नाही. गाताना हा तुकडा आधी येतो, क्रियापद मागाहून. तेवढा वेळ श्रोता दोन्ही काळांत उभा असतो. त्या पहाटेची वेळ आणि तारीख शोधून काढल्याने गीत अधिक कळेल, असे मला वाटत नाही.

मग कोणताही अर्थ चालेल काय? मुळीच नाही. ज्याला ओळींत आधार नाही, तो अर्थ बादच. चरित्रही वर्ज्य नाही. मात्र ते निकालपत्र म्हणून न वाचता एक शक्यता म्हणून वाचावे. वर्गात इतकेच विचारावे : ‘ती’ आई मानली तर कोणते शब्द अधिक बोलू लागतात आणि कोणते गप्प होतात? या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही खुलाशात तयार मिळत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याला कविता पुन्हा उघडावी लागते.