माहिती साठली, वाचणार कोण?

सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांस खुली झाली. फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ती ठेविली आहे. पण या राशीतून रोगांचे मूळ शोधावयास जीवशास्त्र व संगणकगणित दोन्ही जाणणारे, पीएच.डी.नंतरही संशोधनातच राहू इच्छिणारे तरुण हवेत. अशा रिसर्च असोसिएटांस १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये विद्यावेतन लागू झाले. रक्कम तुटपुंजी नव्हे, हे आम्ही मान्य करितो. परंतु नेमणूक बहुधा वर्षावर्षाची, आणि पैसे अनेकदा महिनोन्महिने थकलेले! घरमालक काही सरकारी अनुदानाची वाट पाहत बसत नाही. मग हा तरुण बोस्टनला गेला, तर त्यास देशप्रेमाचे धडे आम्ही कोणत्या तोंडाने द्यावे? निदान तीन वर्षांची नेमणूक आणि पहिल्या तारखेस पैसे, एवढे तरी केंद्र सरकारने विनाविलंब करावे.