जाहीर इशारा : पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहात, ते तीस दिवसांत सांगा

गोदावरीसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेचे नवे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि त्यांच्यासोबत आलेले विश्वस्त यांस,

तुमचा पदग्रहण समारंभ थाटात झाला. शाली झाल्या, श्रीफळं झाली, सिंहस्थाच्या तोंडावर गोदामाईसाठी झटण्याच्या आणाभाकाही झाल्या. सभागृहाच्या मोठ्या काचेतून नदी छान दिसत होती. काच बंद असल्यामुळे वास आत आला नाही. आम्ही जुने सभासद मागच्या रांगेत बसलो होतो आणि पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून गप्प राहिलो. त्यानंतर तुम्हाला दोन पत्रं दिली. दोन्हींची पोचसुद्धा मिळाली नाही. म्हणून हे तिसरं पत्र चारचौघांत वाचलं जाईल असं लिहीत आहोत.

खुर्चीवर बसल्यावर तुम्ही पहिलं काम केलंत ते दर महिन्याची पाणीतपासणी ‘तूर्त स्थगित’ करण्याचं. दुसरं, ज्या लोखंडी कपाटात पाण्याच्या वह्या आहेत त्याचं कुलूप बदललंत. तिसरं, नदीकाठच्या एका गृहप्रकल्पाच्या ‘काठ सुशोभीकरणा’ला संस्थेच्या लेटरहेडवर पाठिंब्याचं पत्र दिलंत. त्या प्रकल्पात आपल्या उपाध्यक्षांची भागीदारी आहे, हे पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. ठराव मांडला गेला तेव्हा उपाध्यक्ष उठून बाहेरही गेले नाहीत. त्यांनी हात वर केला.

नव्या माणसांवर आमचा राग नाही. संस्था म्हातारी झाली होती, हे आम्हीच ओरडून सांगत होतो. पायऱ्या उतरताना आमच्यातल्या निम्म्यांचे गुडघे बोलतात. तरुण हवे होते, हिशेब कळणारे हवे होते, मंत्रालयात कोणता मजला कुणाचा हे ठाऊक असलेलेही हवे होते. म्हणून तर आम्ही जागा सोडल्या. पण जागा नदीसाठी सोडल्या होत्या. नदीच्या नावावर तुमच्या प्लॉटला चांगला शेजार मिळावा म्हणून सोडल्या नव्हत्या.

त्या प्लॉटबद्दल थोडं. नाशिककराला पूर समजावून सांगावा लागत नाही. पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ते काम पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की काठावरच्या टपऱ्या हलतात, कमरेला आलं की भांडी बाजार सावध होतो, डोक्यावरून गेलं की सगळं गाव गंगेवर येऊन उभं राहतं. नारोशंकराच्या घंटेचं नाव निघालं म्हणजे महापूर. २००८ च्या सप्टेंबरातला पूर अजून लोकांच्या भिंतींवर ओलीच्या रेघेनं शिल्लक आहे. त्या पुरानंतर शहरात पूररेषा आखल्या गेल्या. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर. हे उपाध्यक्षांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, कारण आखणी झाल्यापासून ही रेषा थोडी सरकवा म्हणून अर्ज करणाऱ्यांत ते होते. संस्थेनं त्या वेळी अशा अर्जांना लेखी विरोध केला होता. आज त्याच संस्थेचा शिक्का त्यांच्या टेबलावर आहे.

‘काठ सुशोभीकरण’ या शब्दाला आम्ही का बिचकतो, तेही ऐका. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत रामकुंडाच्या परिसरात पात्राला काँक्रीट घातलं गेलं. स्वच्छ दिसावं, भाविक घसरू नयेत, गर्दी मावावी, सगळी कारणं चांगलीच होती. त्या काँक्रीटखाली जुनी कुंडं गाडली गेली आणि त्यांच्या तळाचे जिवंत झरे बुजले. पुढे २०१६ साल आलं. त्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं ठणठणीत पडलं आणि लोकांनी बुडी मारावी म्हणून टँकरनं पाणी आणून ओतावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला दुतोंड्या मारुती पुराखाली गेला. चार महिन्यांच्या अंतरानं एकाच घाटावर टँकरही आणि महापूरही. धरण आहे, पाऊस आहे, दुष्काळ आहे, सगळा दोष काँक्रीटचा असं म्हणायला आम्ही अडाणी नाही. पण नदीचा तळ झाकला की तिला स्वतःचं पाणी उरत नाही, एवढं त्या एका वर्षानं शहराच्या डोळ्यांत अंजन घालून सांगितलं. पुढे काही कुंडांवरचं काँक्रीट काढायला लागलं. घालायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ ते काढण्याच्या अर्जांत, सुनावण्यांत आणि पाहणी दौऱ्यांत गेला. असलं दुसरं काम संस्थेच्या शिफारशीनं होऊ देणार नाही.

आता वह्या. कपाटाला कुलूप घालणाऱ्याला त्यांची किंमत कळली असावी, एवढं श्रेय तुम्हाला देतो. त्या वह्यांत तारीख आहे, वेळ आहे, ठिकाण आहे, बाटली कोणी भरली त्याची सही आहे. नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायचा, २७ अंशांवर तीन दिवस ठेवायचा, मग बीओडीचा आकडा येतो. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं ते माप. आंघोळीच्या पाण्यात ते लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवं, विरघळलेला प्राणवायू ५ च्या वर हवा, आणि विष्ठेतून येणारे जंतू १०० मिलिलिटरमागे ५०० च्या आत असले तर उत्तम, २५०० ही शेवटची मर्यादा. ही आमची हौस नाही, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष आहेत. २०१२ साली गोदावरीच्या प्रदूषणावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, नागपूरच्या ‘नीरी’ला सल्ल्यासाठी बोलावलं गेलं, तेव्हा कुठे मलजलशुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या आकड्याची चर्चा शहरात सुरू झाली. कोर्टात भावना चालत नाहीत, वही चालते. सातपूर-अंबडकडून येणारी नासर्डी टाकळीजवळ गोदावरीला मिळते. त्या संगमाच्या वर आणि खाली भरलेल्या दोन बाटल्यांमधला फरक म्हणजे या संस्थेची सगळी मिळकत. ती तुम्ही स्थगित केलीत.

खर्चाचं कारण तुम्ही दिलंत. पदग्रहणाच्या जेवणाचं बिल आम्ही पाहिलं आहे. पुढे बोलत नाही.

आमचंही चुकलं आहे आणि ते लपवून हा इशारा दिला तर त्याला वजन राहणार नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याकडून आम्ही सीएसआरचे पैसे घेतले. मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामाला द्यावेत असं २०१३ चा कंपनी कायदा सांगतो आणि पाण्याची शुद्धता त्यात बसते, तेव्हा घेण्यात गैर नव्हतं. पैशांतून टोप्या आल्या, टी-शर्ट आले, पाणवेली काढतानाचे फोटो आले. पुढच्या तीन महिन्यांच्या वहीत त्या कारखान्यामागच्या नाल्याचा नमुना नाही. कोणी ‘घेऊ नका’ म्हटलं नव्हतं. आमचे आम्हीच तिकडे गेलो नाही. ती तीन कोरी पानं या पत्राच्या लेखकाच्या सहीची आहेत. तुम्ही आज जे करता आहात ते कुठून सुरू होतं हे आम्हाला आतून माहीत आहे. म्हणून तुम्हाला ते पुढे नेऊ देणार नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायची बातमी आली तेव्हा शाळेची पोरं, गृहिणी, रिक्षावाले झाडांना जाऊन बिलगले. नदीच्या नावानं चालणाऱ्या आमच्या संस्थेचं निवेदन कार्यकारिणीत अडलं. ते कोणी अडवलं हे इतिवृत्तात आहे. त्यांपैकी दोघे आज विश्वस्त आहेत.

तेव्हा ऐका. आजपासून ३० दिवसांत प्रत्येक विश्वस्तानं लेखी जाहीर करावं की त्याची, त्याच्या कुटुंबीयांची किंवा भागीदारीची कोणती जमीन निळ्या वा लाल पूररेषेत आहे, आणि नदीत सांडपाणी सोडणाऱ्या कोणत्या उद्योगाशी त्याचा पगाराचा वा ठेक्याचा संबंध आहे. हा कागद संस्थेच्या फलकावर लागला पाहिजे, फाइलीत नको. गृहप्रकल्पाला दिलेलं पाठिंब्याचं पत्र मागे घ्यावं आणि मागे घेतल्याचं महापालिकेला कळवावं. पाणीतपासणी पुढच्या महिन्यापासून, पूर्वीच्याच ठिकाणी, नासर्डीचा संगम धरून सुरू व्हावी. कपाटाची एक किल्ली सभासदांकडे असावी. उपाध्यक्षांना प्रकल्प प्यारा असेल तर तो त्यांनी खुशाल करावा, नियमात बसत असेल तर आम्ही आडवे येणार नाही. पण मग खुर्ची सोडावी. एका हातात पूररेषेचा नकाशा आणि दुसऱ्या हातात नदीचा झेंडा, हे आम्ही चालू देणार नाही.

हे झालं नाही तर काय होईल, तेही मोघम ठेवत नाही. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तुमचा अर्ज अजून गेलेला नाही. तो गेला की आम्ही हरकत घेऊ, इतिवृत्ताच्या प्रतींसह. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-ड खाली विश्वस्तांच्या निलंबनासाठी स्वतंत्र अर्ज जाईल, त्याचा मसुदा वकिलांकडे आहे. देणगीदारांना पत्र जाईल. ज्यांनी संस्थेच्या नावावर विश्वास ठेवून घरातली रद्दी विकून शंभर-शंभर रुपये दिले, त्यांना आधी जाईल, कंपन्यांना नंतर.

सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला जाहीर झालं आहे. लाखो माणसं डोळे मिटून या पाण्यात उतरतील, चूळ भरतील, तांब्यात भरून गावी नेतील. इथून सुटलेलं पाणी सायखेडा-चांदोरीवरून नांदूर मध्यमेश्वरला जातं, जिथल्या पाणथळीला २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून मान मिळाला, आणि तिथून पुढे जायकवाडीत. छत्रपती संभाजीनगरच्या घराघरांत ते नळातून येतं. पाणी पिणाऱ्या त्या माणसांना आपली संस्था, आपले विश्वस्त, आपले सत्कार यांतलं काही ठाऊक नाही. त्यांच्या वतीनं बाटली भरणारा कोणीतरी वरच्या अंगाला असावा, एवढ्यासाठी ही संस्था काढली होती.

एकतिसाव्या दिवशी सकाळी ८ वाजता आम्ही रामकुंडावर असू. कागद घेऊन आलात तर स्वागत आहे, चहा आमच्याकडून. नाही आलात तर नासर्डीच्या संगमाचे सगळे आकडे, महिनावार, तिथेच मोठ्यानं वाचले जातील. आमच्या तीन कोऱ्या पानांसकट.

आणि कपाटाच्या कुलपाबद्दल : तुम्ही ते बदललंत त्याच्या आदल्या आठवड्यातच वह्यांच्या छायाप्रती काढून झाल्या आहेत. त्या पाच घरांत आहेत.