येणाऱ्या गणिताची फी पुन्हा कशाला?



गेल्या आठवड्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "थोरली मुलगी बारावी सायन्सला आहे. गणितात चांगली आहे. तिचे मामा अमेरिकेत असतात. ते म्हणतात, पदवीसाठी इकडे पाठवा. कॅल्क्युलसची परीक्षा आधीच दिली तर कॉलेजातला तेवढा विषय माफ होतो आणि फीसुद्धा वाचते. आमच्या घरात हे कुणाला खरे वाटत नाही. मालक म्हणतात, यात फसवणूक तर नाही ना?"

ताई, फसवणूक नाही. मात्र मामांनी अर्धीच गोष्ट सांगितली आहे. उरलेली अर्धी ऐका आणि मग घरात बसून विचार करा.

आधी क्रेडिट म्हणजे काय ते पाहू. डेअरीत घातलेले दूध जसे रोज पुस्तकात चढते, तसे अमेरिकेत एकेक विषय पास झाला की त्याची क्रेडिट विद्यार्थ्याच्या खात्यावर चढतात. चार वर्षांच्या पदवीला साधारण 120 क्रेडिट लागतात. कॅल्क्युलसचा पहिल्या सहामाहीचा विषय बहुतेक ठिकाणी तीन ते पाच क्रेडिटचा असतो. आपल्या कॉलेजांतही आता ही पद्धत आली आहे, तिकडे ती फार जुनी आहे.

आता समजा एखाद्या मुलीला तो विषय आधीच येतो. मग तिने सहा महिने वर्गात बसून तेच पुन्हा का शिकावे? परीक्षा द्यावी, येते हे दाखवावे आणि क्रेडिट खात्यावर जमा करून पुढच्या वर्गात बसावे, अशी ही सोय आहे. आपल्याकडे डिप्लोमा झालेला मुलगा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसतो ना? त्याच जातीची ही गोष्ट.

कॅल्क्युलस म्हटले की घाबरायला होते, पण त्याचे मूळ आपल्या टाकीत आहे. मोटर चालू आहे, टाकीत पाणी पडते आहे, खालून थोडे गळतेही आहे. या घडीला पाणी किती वेगाने चढते आहे, हे कॅल्क्युलसचा एक भाग सांगतो. वेग सतत बदलत असताना तासाभरात एकूण किती साठले, हे दुसरा भाग सांगतो. पाणी येण्याजाण्याचे असे प्रश्न या परीक्षेत खरोखर विचारतात. बारावीच्या मुलांना डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन ही नावे ठाऊकच असतात.

क्रेडिट मिळवायच्या वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली वाट एपी, म्हणजे अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड ही संस्था 1955 पासून हा उपक्रम चालवते. परीक्षा दरवर्षी मे महिन्यात असते, आणि भारतातही काही शाळांतून देता येते. कॅल्क्युलसचे दोन पेपर आहेत. एबी हा साधारण एका सहामाहीच्या अभ्यासाचा आणि बीसी दोन सहामाहींचा. दोन्हींतला एकच द्यायचा. त्यात काही प्रश्न पर्याय निवडायचे असतात, तर सहा प्रश्न पायऱ्या लिहून सोडवायचे असतात आणि त्या पायऱ्यांना गुण असतात. निकाल 1 ते 5 अशा अंकात लागतो. पुष्कळ विद्यापीठे 3, 4 किंवा 5 ला क्रेडिट देतात, पण किती अंकाला काय द्यायचे हे प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवते. एमआयटी ही नामवंत संस्था बीसी पेपरात 5 मिळाले तरच पहिल्या कॅल्क्युलसचे क्रेडिट देते. तितकीच नामवंत कॅलटेक एपीला क्रेडिटच देत नाही.

दुसरी वाट सीएलईपी परीक्षेची. ती 1967 पासून आहे. तिचे गुण 20 ते 80 असे मोजतात, आणि कॅल्क्युलसमध्ये 50 मिळाले तर 4 क्रेडिट द्यावीत अशी शिफारस असते. इथेही द्यायचे की नाही हे विद्यापीठच ठरवते.

तिसरी वाट विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेची. इथेच पुष्कळ घरांची गफलत होते, म्हणून नीट वाचा. प्रवेश घेतल्यावर बहुतेक ठिकाणी गणिताची एक चाचणी होते. ती फक्त कुठल्या वर्गात बसायचे एवढे सांगते. तिला प्लेसमेंट म्हणतात. त्या चाचणीने वरच्या वर्गाचे दार उघडते, पण बहुधा खात्यावर क्रेडिट चढत नाही. काही विद्यापीठे मात्र वेगळी परीक्षा घेऊन क्रेडिटही देतात. म्हणून विचारताना दोन्ही प्रश्न विचारा: पुढच्या वर्गात बसता येईल का? आणि क्रेडिट मिळेल का?

आता पैशाचे. एपीची फी अमेरिकेत शंभर डॉलरच्या आसपास असते आणि बाहेरच्या देशांत त्याहून जास्त. समजा एखाद्या विद्यापीठात एका क्रेडिटला चारशे डॉलर पडतात. मग चार क्रेडिटचे सोळाशे डॉलर वाचले. पण पुष्कळ ठिकाणी पूर्णवेळ विद्यार्थ्याला सहामाहीची एकच ठोक फी असते, विषय चार घ्या नाहीतर पाच. अशा ठिकाणी एक विषय कमी झाल्याने फी कमी होत नाही. पुरेशी क्रेडिट साठून एखादी सहामाही लवकर सुटली तरच खरी बचत. मामांना हे जरूर विचारा.

दुसरी सावधगिरी याहून मोठी. वाफसा न येताच पेरले तर बियाणे वाया जाते. मुलीला गाईड पाठ करून गुण मिळाले असतील आणि ती थेट वरच्या वर्गात बसली, तर पुढचे गणित आणि फिजिक्स दोन्ही अडतात. नापास झालेल्या विषयाची फी दुसऱ्यांदा भरावी लागते. क्रेडिट मिळाले तरी ते न वापरता पहिल्यापासून बसण्याची मुभा पुष्कळ ठिकाणी असते. पाया कच्चा वाटला तर तसे करण्यात कमीपणा नाही.

"पण हे आमच्यासारख्यांच्या पोरांचे काम आहे का?" असेही ताईंनी शेवटी लिहिले आहे. त्यासाठी एक खरी हकिगत सांगतो.

लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेला, शहराच्या हद्दीबाहेरच्या भागात गारफील्ड हायस्कूल नावाची शाळा आहे. तिथली बहुतेक मुले मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरांतली. बोलिव्हियातून आलेले हायमे एस्कलांते 1974 मध्ये तिथे शिक्षक झाले. मायदेशी ते शिक्षकच होते, पण अमेरिकेत आल्यावर सुरुवातीला त्यांनी हॉटेलात फरशी पुसण्याचेही काम केले. या मुलांना कॅल्क्युलस झेपणार नाही, असेच सगळे धरून चालले होते. एस्कलांते यांनी शाळेआधी, शाळेनंतर आणि सुट्टीतही शिकवले. पहिल्या तुकडीतले दोघेच एपी पास झाले. 1982 साली 18 मुले बसली आणि अठराही पास झाली.

आणि मग संशय आला. उत्तरे एकमेकांशी फार जुळतात म्हणून 14 मुलांच्या निकालावर परीक्षा मंडळाने बोट ठेवले. मुलांपुढे एक मार्ग होता, परत परीक्षा देण्याचा. त्यांतली 12 जणे ऑगस्टमध्ये पुन्हा बसली आणि बाराही पास झाली. त्यांचे निकाल मान्य करावे लागले. यावर 1988 मध्ये चित्रपटही निघाला. त्याच शाळेतली 73 मुले 1987 मध्ये एबी पेपर पास झाली.

मंडळी, ज्याला विषय खरोखर येतो त्याला दुसऱ्यांदा बसायची भीती नसते. हीच कसोटी आपल्या मुलीला लावा. उद्या पुन्हा पेपर दिला तर तेवढेच गुण पडतील का, हे तिलाच विचारा. ती डोळ्याला डोळा भिडवून हो म्हणाली, तर परीक्षेची फी भरायला हरकत नाही.

भरण्याआधी एवढे करा. ज्या विद्यापीठांचा विचार आहे त्यांची क्रेडिट देण्याची रीत लेखी पाहा. एपीच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतले लिहायचे प्रश्न कॉलेज बोर्ड फुकट देते, ते घड्याळ लावून सोडवून घ्या. बारावीच्या गुणांवर क्रेडिट मिळेलच असे धरून चालू नका. आणि ज्यांची मुले इथे पदवी करून तिकडे एम.एस.ला जाणार आहेत, त्यांनी या खर्चात पडू नये. ही सोय तिथल्या पहिल्या पदवीची आहे.

परदेशी जायचे नसले तरी हा हिशेब कामाला येतो. आपल्या सरकारच्या स्वयम् या मंचावरही काही विषय घरबसल्या शिकून, परीक्षा देऊन क्रेडिट मिळवता येतात. ती आपल्या कॉलेजात धरतात का, एवढे आधी विचारून घ्या.

ताई, लेकीला सांगा, घाई नको आणि भीतीही नको. निकाल लागला की पत्र जरूर टाका.