दिलेला जामीन आणि गरिबाची कोठडी
जामीन नाकारणे वेगळे, दिलेला जामीन हिरावून घेणे वेगळे. त्यासाठी अत्यंत सबळ कारणे हवीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली दौलतराम खटल्यात बजावले. तरीही आरोपीचे म्हणणे न ऐकताच जामीन रद्द झाला, तर दाद मागायची ती उच्च न्यायालयात! धनिकाचा वकील तेथे दुसऱ्याच दिवशी उभा राहतो. मजुराची बायको प्रवासखर्चासाठी उसनवारी करीत हिंडते. मध्य प्रदेशातील एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीन मागितला गेला. १९७८ साली त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयालाच द्यावा लागला. बेकायदा हुकूम पुढे रद्द होतो, तुरुंगात गेलेले दिवस परत येत नाहीत. घटनेच्या कलम ३९-अ मधील मोफत कायदेसाहाय्य कोठडीच्या दाराशीच मिळाले पाहिजे. एरवी वरिष्ठ न्यायालयाची दाद हा श्रीमंतांचाच हक्क ठरेल!