अमात्यांचा शब्द आणि मार्चअखेरचा हिशेब

पन्हाळ्यावर जाणारा पर्यटक तीन दरवाजा पाहतो, अंबरखाना पाहतो, झुणका-भाकर खातो आणि परततो. चार दरवाजा त्याला दिसत नाही, कारण तो उरलेलाच नाही. आपले वंशपरंपरागत हक्क आणि जमिनी जाणार हे ओळखून करवीर राज्यातील गडकरी १८४४ साली उठले. इंग्रजांनी उठाव मोडला, १ डिसेंबरला पन्हाळा घेतला आणि पुढे त्याची तटबंदी ठिकठिकाणी उद्ध्वस्त केली.

पन्हाळा १८४४ मध्ये पडला, असे इतिहासाची पुस्तके सांगतात. आमच्या मते तो त्याआधी बत्तीस वर्षे, मालवणच्या किनाऱ्यावर पडला होता. १८१२ च्या तहाने करवीरकरांनी मालवण आणि शिवछत्रपतींनी बांधलेला सिंधुदुर्ग इंग्रजांच्या हवाली केला. समुद्र गेला. पुढे १८२७ च्या तहाने, करवीरच्या राजाने फौज किती ठेवावी हेही इंग्रजच ठरवू लागले. गादी होती, छत्र-चामरे होती; नव्हते ते सार्वभौमत्व.

आणि हे घडले कोणाच्या राज्यात? ज्या राज्यात १७१५ मध्ये रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र सिद्ध केले, त्या राज्यात! टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या प्रत्येकाच्या पाठीशी एक राजा उभा आहे, त्यांना किनाऱ्यावर वा किल्ल्याजवळ जागा देऊ नये, असा इशारा अमात्यांनी शंभर वर्षे आधी देऊन ठेवला होता. त्याच ग्रंथात आरमाराविषयीची एक सूचना आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून कायमचा नेमून द्यावा. बंदरात येईल त्या मिळकतीवर त्याला सोडू नये, कारण तसे केल्यास सावकारांना उपद्रव होतो आणि व्यापारच बुडतो. म्हणजे संरक्षणाचा पैसा हा आधी बाजूला काढायचा पैसा आहे, उरला तर द्यायचा नव्हे. अर्थशास्त्राची पदवी न घेतलेल्या या मुत्सद्द्याला हे कळले होते.

आज दिल्लीत काय चालते? २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात सैन्यदलांच्या भांडवली खर्चासाठी १ लाख ७२ हजार कोटी रुपये ठेवले होते. सुधारित अंदाजात ही रक्कम १ लाख ५९ हजार ५०० कोटींवर आली. साडेबारा हजार कोटी त्या वर्षात वापरता येत नाहीत म्हणून बाजूला पडले! शत्रू ३१ मार्चला आपले हिशेब बंद करत नाही, हे अर्थखात्यातील विद्वानांना कोण सांगणार? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी संरक्षण व अंतर्गत सुरक्षेकरिता सुमारे २ लाख ३८ हजार कोटींचा, वर्षअखेरीस न बुडणारा निधी सुचवला होता. सरकारने तो तत्त्वतः मान्य केला आणि कार्यपद्धती यथावकाश पाहू म्हटले. ‘तत्त्वतः’ आणि ‘यथावकाश’ या दोन शब्दांच्या कपारीत किती फायली विसावल्या आहेत, हे देवच जाणे. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून हे बोलू नये, असे काही स्नेह्यांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही.

एका विमानाच्या किमतीत किती शाळा बांधता येतील, हे गणित मांडणाऱ्या पुरोगामी मंडळींविषयी आता काय लिहावे? २०२५-२६ साठी ठेवलेल्या ६ लाख ८१ हजार कोटींतील १ लाख ६० हजार कोटींहून अधिक रक्कम निवृत्तिवेतनाची होती. तो पैसा शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या गावांत, घराघरांत जातो. त्याला उधळपट्टी म्हणायचे असेल, तर त्यांनी तिथल्या पारावर जाऊन म्हणावे.

खरा प्रश्न पैसा कोणाच्या हाती जातो, हा आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बनलेले तेजस मार्क-१ए आकाशात झेपावले. ऊर भरून आला. परंतु त्याच्या पोटातले इंजिन अमेरिकेचे आहे. ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा, पहिले विमान मार्च २०२४ मध्ये मिळायचे होते आणि त्यासाठीचे पहिले इंजिनच मार्च २०२५ मध्ये आले. इकडे मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले आणि मंजूर ४२ ऐवजी २९ स्क्वाड्रन उरल्या. पहलगाम नुकतेच घडून गेले होते. टोपीकराला आता किनाऱ्यावर वखार लागत नाही. त्याने इंजिन रोखून धरले की पुरते.

आपल्या ‘कावेरी’ इंजिनाला मंजुरी मिळाली १९८९ साली, सुमारे ३८३ कोटींची. २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे करण्यात आले. एवढ्याशा पैशात, तुटक तुटक वाटपावर, जगातील मोजक्या देशांना साधलेली विद्या साधेल, असे कोणी मानले?

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत फिरा. भट्टीच्या धगीपुढे उभे राहून देशभरच्या वाहनांचे सुटे भाग ओतणारी माणसे इथे शेकड्यांनी आहेत. संरक्षणासाठी लागणारा धातू आणि त्याची अचूकता वेगळी, हे मान्य. त्यासाठी नवी यंत्रे लागतील, चाचण्या लागतील, कारखानदाराला कर्ज काढावे लागेल. पण एका वर्षी मागणी आणि दुसऱ्या वर्षी कपात, अशा भरवशावर बँकेच्या दारात उभे कोण राहील? त्याला दहा वर्षांची खात्रीची मागणी द्या, वेळेवर देयके द्या आणि मग मागा त्याच्याकडे इंजिनाचे ओतीव भाग.